गोळीने लक्ष लागतं, पण दिवसाची घडी बसत नाही

पत्र

प्रिय ताई,

मी ३८ वर्षांची आहे. घरूनच भाषांतराचं काम करते. घरात नवरा, नऊ वर्षांची मुलगी आणि मी. काही महिन्यांपूर्वी मला एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवणं अवघड जाणारा विकार, असल्याचं निदान झालं. रोज सकाळी त्यावरच्या मिथाइलफेनिडेट या औषधाची गोळी घेते. कामात फरक स्पष्ट जाणवतो, एका बैठकीत बरीच पानं उरकतात. बाकीचा दिवस मात्र होता तसाच आहे.

सकाळचं उदाहरण सांगते. मी अंघोळीला निघते. टॉवेल घ्यायला खोलीत जाते. तिथे फोन चार्जिंगला लावायचा राहिलेला दिसतो. चार्जर शोधताना मुलीची वही सापडते, तिच्यावर सही करायची असते. पेन आणायला टेबलापाशी जाते, तर लॅपटॉपवर मेल आलेला असतो. वीस मिनिटांनी भानावर येते तेव्हा अंघोळ झालेली नसते, फोन चार्ज नसतो, वहीवर सही नसते आणि मुलगी बूट घालून दारात उभी असते.

प्लॅनर किती आणले याची गणती नाही. पहिले पंधरा दिवस झकास जातात. मग एक दिवस राहतो आणि वही कायमची बंद. ॲप्सची तीच गत. अलार्म वाजतो, बंद करते आणि विसरते. संध्याकाळी सहानंतर माझी विनाकारण चिडचिड होते. महिन्यातून तीन-चार दिवस तर असे येतात की सगळंच कोसळतं.

नवरा समंजस आहे, पण तो म्हणतो, ''मनावर घेतलंस तर तुला सगळं जमतं. ऑफिसचं काम जमतं ना?'' यावर मला उत्तर सुचत नाही. कधीही न मोडणारं रुटीन कसं बसवायचं, एवढंच सांगा.

– एक वाचक


उत्तर

न मोडणारं रुटीन मी तुम्हाला देऊ शकणार नाही. दुसरं कुणी देतो म्हणालं, तरी विश्वास ठेवू नका. एडीएचडी असलेल्या माणसाची दिनचर्या मोडते. आजारपणात मोडते, प्रवासात मोडते, सुट्टीनंतर मोडते आणि कधीकधी काहीच कारण नसताना मोडते. तुमची आजवरची सगळी वेळापत्रकं एकही दिवस चुकणार नाही असं गृहीत धरून आखलेली होती, म्हणून पहिल्याच चुकलेल्या दिवशी ती अख्खी निकालात निघाली. आपण उलट्या टोकाने सुरुवात करू. घडी विस्कटणार हे धरूनच ती बसवायची, आणि सगळ्यात जास्त डोकं परत येण्याच्या वाटेवर चालवायचं.

पण आधी तुमच्या नवऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर, कारण ते तुम्हाला स्वतःसाठीही हवं आहे. तुम्ही भाषांतराला बसता तेव्हा काय काय जुळून आलेलं असतं ते बघा. गोळीचा अंमल चालू असतो. समोर एकच काम असतं. मजकूर नवा असतो. मुदत ठरलेली असते आणि पलीकडे कुणीतरी वाट बघत असतं. काम जमलं की लगेच दिसतं, पान पुढे सरकतं. आता अंघोळ, आवराआवर, बिलं, उद्याची तयारी यांतलं काय यात बसतं? काहीच नाही. ही कामं महत्त्वाची असतात, पण नवी नसतात, आत्ताच्या आत्ता निकडीची नसतात, आणि केली तरी उद्या पुन्हा तशीच समोर येतात. एडीएचडीत लक्षाची गाडी महत्त्वाच्या जोरावर हलत नाही. कुतूहल, नवेपणा, निकड, कुणाची तरी सोबत यांवर ती हलते. तेव्हा एक काम जमतं म्हणून दुसरंही जमायलाच हवं, हा हिशेब इथे लागू पडत नाही.

या विषयावर आयुष्यभर काम केलेले अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रसेल बार्क्ली यांचा एक मुद्दा मला फार मोलाचा वाटतो. एडीएचडी असलेल्या माणसाला काय करायचं हे माहीत असतं. माहीत असलेलं नेमक्या वेळी हातून घडत नाही, अडचण तिथे असते. म्हणून ''अगं, मनावर घे'' हा सल्ला वाया जातो. तुम्ही मनावर घेतलेलंच आहे, म्हणून तर इतके प्लॅनर आणलेत. आणि हा गैरसमज आजचा नाही. १९०२ साली लंडनमध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञांनी अशा मुलांवर व्याख्यानं दिली, तेव्हा त्यांनीसुद्धा याला नैतिक नियंत्रणातला दोष म्हटलं होतं. पुढे जुळ्या भावंडांच्या अनेक अभ्यासांतून दिसलं की यात आनुवंशिकतेचा वाटा साधारण ७० ते ८० टक्के आहे. शिस्त, संस्कार किंवा आळस यांच्या खात्यावर टाकण्याजोगी ही गोष्ट नाही. हे नवऱ्याला जरूर वाचून दाखवा, फक्त भांडणाच्या वेळी दाखवू नका.

आता तुमच्या पत्रातली एक गोष्ट, जी कदाचित तुमच्याही लक्षात आली नसेल. तुमचा दिवस कुठे कुठे फसतो? सकाळी लवकर आणि संध्याकाळी सहानंतर. मिथाइलफेनिडेटची साधी गोळी सुमारे तीन ते चार तास काम करते आणि दीर्घ परिणामाची प्रकारानुसार आठ ते बारा तास. सकाळी गोळी घेतल्यावर तिचा परिणाम सुरू व्हायला थोडा वेळ जातो, आणि संध्याकाळपर्यंत तो ओसरतो. म्हणजे घरातली बहुतेक कामं ज्या दोन वेळांत येतात, त्या दोन्ही वेळा गोळीच्या आवाक्याबाहेर आहेत. सगळी साथ ऑफिसच्या कामाला मिळते आणि घराच्या वाट्याला गोळीविना असलेल्या तुम्ही येता. औषध उतरताना काहींची चिडचिड वाढते, तीही ओळखीची गोष्ट आहे. सहानंतरची तुमची चिडचिड त्यातलीच आहे का, हे डॉक्टरांना विचारा. उठल्याउठल्या, अंथरुणातच गोळी घेतली तर चालेल का, गोळीचा प्रकार किंवा वेळ बदलता येईल का, दुपारच्या छोट्या डोसची गरज आहे का, हेही विचारा. स्वतःच्या मनाने मात्र यातलं काही करू नका. दुपारी उशिरा घेतलेला डोस झोप उडवू शकतो, आणि या औषधावर असताना रक्तदाब आणि नाडीवर लक्ष ठेवावं लागतं.

यातून एक साधी गोष्ट निघते. घरची जी कामं डोकं खातात, म्हणजे अर्ज भरणं, बिलं, फोन करून वेळ ठरवणं, ती संध्याकाळसाठी ठेवू नका. ऑफिसच्या वेळेतली वीस मिनिटं त्यांना द्या. बहुतेक जणी हे करत नाहीत, कारण कामाच्या वेळेत घरचं केलं की अपराधी वाटतं. पण ज्या वेळी डोकं जागेवर असतं, त्या वेळेवर घराचाही हक्क आहे.

आता टॉवेलकडे येऊ. ते तुम्ही इतकं नेमकं लिहिलंय की निम्मं उत्तर त्यातच आहे. त्या वीस मिनिटांत तुम्ही एकही चुकीची गोष्ट केली नाहीत. फोन चार्ज करायचाच होता. सही करायचीच होती. मेल बघणंही गैर नव्हतं. हातातून सुटली ती एकच गोष्ट, 'मी अंघोळीला निघाले आहे' ही. दुसरं काहीतरी करत असताना पहिला हेतू मनात धरून ठेवणं हे कार्यकारी स्मृतीचं काम, आणि एडीएचडीत नेमकी तीच कमी पडते. तुम्ही खोली बदललीत की नव्या खोलीतल्या दहा वस्तू तुम्हाला हाका मारतात आणि जुन्या हेतूचा आवाज त्यात बुडून जातो. म्हणून यावरचा उपाय आठवण वाढवण्यात शोधू नका, येरझारा कमी करण्यात शोधा.

टॉवेल बाथरूममध्येच टांगलेला हवा, कायमचा. घालायचे कपडे आदल्या रात्री तिथेच ठेवायचे, आणि रात्री जमलं नाही तर चारपाच रोजचे कपडे तिथल्याच एखाद्या कप्प्यात राहू द्यायचे. चार्जर एकाच जागी, पक्का बसवलेला. त्याला हलवायची परवानगी घरात कुणालाच नाही. मुलीच्या दप्तराच्या बाहेरच्या कप्प्यात एक पेन कायमचं, आणि सही तिने दप्तर उघडलं की त्या क्षणी, उभ्याउभ्या. लॅपटॉप मुलगी शाळेला गेल्याशिवाय उघडायचा नाही; त्यासाठी तो रात्री मिटून खणात ठेवायचा, कारण उघडा लॅपटॉप दिसल्यावर त्याच्यावरून नजर काढणं तुम्हाला जमणार नाही आणि जमावं अशी अपेक्षाही धरू नका. ज्या जागी कृती घडायची, त्याच जागी तिचं सामान आणि तिथेच तिची आठवण.

मध्येच काहीतरी दिसणार आणि ते आत्ताच करावंसं वाटणार, हे तर होतच राहील. त्यासाठी बाथरूमच्या वाटेवर भिंतीला एक छोटं पॅड आणि दोरीने बांधलेली पेन्सिल लावा. दिसलं ते एका शब्दात लिहायचं, 'चार्जर', 'सही', आणि पुढे चालायचं. आणि चालताना मोठ्याने म्हणा, ''अंघोळ, अंघोळ.'' विचित्र वाटेल, पण करून बघा. बोललेला शब्द मनात धरलेल्या शब्दापेक्षा जास्त टिकतो, आणि मुलगी हसली तर हसू द्या.

हे सगळ्या दिवसासाठी एकदम करायला जाऊ नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. नवं काही सुरू करताना तुमच्या अंगात जो उत्साह संचारतो, तो अख्खं घर एका रात्रीत बदलायला निघतो. फक्त सकाळ घ्या, उठल्यापासून मुलगी दाराबाहेर पडेपर्यंत. सुट्टीच्या दिवशी हातात कागद घेऊन ती सकाळ एकदा खरोखर चालून बघा आणि तुम्ही कुठे वळता, तिथे तिथे खूण करा. त्यातल्या दोन जागा दुरुस्त केल्यात तरी बरंच काम होईल.

अलार्म निकामी का होतात, यालाही कारण आहे. अलार्म वाजतो आणि तुम्ही तो बंद करता, म्हणजे अलार्मने सांगितलेली एकमेव कृती तुम्ही केलेली असते. काम तिथेच संपतं. त्यापेक्षा प्रत्येक अलार्मला एक क्रियापद द्या. 'सात वाजले' असं नाव नको, 'उठून उभी राहा, बाथरूमकडे' असं हवं. आणि फोन अशा जागी ठेवा की तो बंद करायला त्या कामापाशीच जावं लागेल. पीटर गॉलविट्झर या मानसशास्त्रज्ञांनी मांडलेली 'जेव्हा अमुक होईल, तेव्हा मी तमुक करीन' या पद्धतीच्या संकल्पाची कल्पना इथे उपयोगी पडते. नुसता 'रोज वेळेत औषध घेईन' हा निश्चय हवेत राहतो. 'दात घासून ब्रश जागेवर ठेवला, की शेजारच्या डबीतली गोळी घेईन' याला खुंटी मिळते. एडीएचडी असलेल्या मुलांबरोबर झालेल्या प्रयोगांतही अशा संकल्पांचा फायदा दिसला आहे. खुंटी मात्र अशी निवडा जी तुमच्या दिवसात काहीही झालं तरी घडतेच. 'आवरून झाल्यावर' ही खुंटी नव्हे, कारण तुमचं आवरून कधी झालं हे तुम्हालाच कळत नाही.

वेळेबद्दलही तेच. एडीएचडीत वेळेचा अंदाज चुकतो, बहुतेकदा कमी धरला जातो. तुम्हाला वाटतं अंघोळीला दहा मिनिटं लागतात. तयारी, केस, कपडे, हरवलेली क्लिप सगळं धरून किती लागतात ते घड्याळ लावून मोजा आणि तो आकडा आरशाशेजारी लिहून ठेवा. मनातल्या आकड्याशी भांडायची गरज उरत नाही. काट्यांचं मोठं घड्याळ प्रत्येक खोलीत असावं, बाथरूममध्येसुद्धा. फोनवरचे आकडे वेळ सांगतात, पण किती उरली ते डोळ्यांना दिसत नाही, आणि शिवाय फोन हातात घेतला की काय होतं ते तुम्हीच लिहिलं आहे.

झोपेचं थोडक्यात सांगते. एडीएचडी असलेल्या अनेक प्रौढांचं शरीराचं घड्याळ उशिरा चालतं. रात्री झोप आणणारं मेलाटोनिन त्यांच्यात उशिरा वाढू लागतं, असं अभ्यासांत दिसलं आहे. तेव्हा पहाटे उठून दोन तास स्वतःसाठी काढायचे, असं काही तुमच्या यादीत असेल तर खुशाल खोडून टाका. झोपायची वेळ ओढूनताणून आणण्यापेक्षा उठायची वेळ सुट्टीच्या दिवशीही तीच ठेवा आणि उठल्यावर लगेच उजेडात जा. त्याने हळूहळू रात्र अलीकडे सरकते.

प्लॅनरबद्दल तुम्ही फार खजील होऊन लिहिलं आहे, म्हणून त्यावर थोडं जास्त बोलते. पंधरा दिवस चालून तो बंद पडला, याचा अर्थ तो पंधरा दिवस चालला. नवी वही चालते कारण ती नवी असते. डोळ्यांना तिची सवय झाली की ती भिंतीत विरून जाते, आणि एडीएचडीत हे इतरांपेक्षा लवकर होतं. यात ना वहीचा दोष, ना तुमचा. साधनं झिजतात हे मान्य करून टाका. मजकूर तोच ठेवा आणि रूप बदला: वही थकली की फळा, फळा थकला की रंगीत चिठ्ठ्या, चिठ्ठ्या थकल्या की पुन्हा वही. जुनी साधनं फेकू नका. काही महिन्यांनी हातात घेतलेली जुनी वही पुन्हा नवी वाटते. दर वेळी नवं ॲप शोधण्यात दोन रात्री घालवण्यापेक्षा घरातल्याच चार गोष्टी फिरवत राहणं बरं.

एकवीस दिवसांत सवय लागते, हेही तुम्ही कुठेतरी ऐकलं असणार. २०१० साली युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. रोजची एकच छोटी कृती, ती अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले, आणि वेगवेगळ्या माणसांत हा काळ १८ पासून थेट २५४ दिवसांपर्यंत पसरलेला होता. हा अभ्यास खास एडीएचडीवरचा नव्हता. तरीही त्यातलं एक निरीक्षण मी तुमच्यासाठी मुद्दाम सांगते: एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्याच्या वाटचालीत फारसा फरक पडला नाही. चुकलेला दिवस तुमचं रुटीन मोडत नाही. 'आता काय उपयोग' म्हणून सोडून दिलेले पुढचे तीस दिवस ते मोडतात.

म्हणून परत येण्याची वाट. तुमचं वेळापत्रक आजवर लांब पल्ल्याच्या गाडीसारखं होतं, सकाळी सुटली की गेली. मला ते थांब्याथांब्याला चढता येईल असं हवंय. दिवसात तीन थांबे ठरवा: उठल्यावर, दुपारी काम थांबवल्यावर आणि रात्री दिवे मालवण्याआधी. प्रत्येक थांब्यावर जास्तीत जास्त तीन गोष्टी, आणि त्या तिन्ही दहा मिनिटांत होणाऱ्या. सकाळ पूर्ण वाया गेली? दुपारच्या थांब्यावर चढा. दुपारही गेली? रात्री फक्त गोळीची डबी भरा, किल्ल्या जागेवर आहेत ना बघा, दप्तर दारापाशी ठेवा. राहिलेलं भरून काढायचं नाही, ही अट फार महत्त्वाची आहे. मागच्या तीन दिवसांचे रकाने भरत बसलात की चौथा दिवसही गेला. 'सोमवारपासून' हे तर बोलूच नका. सोमवारच्या आधी येणारा पुढचा थांबा गाठा.

आणि पूर्ण कोसळलेल्या दिवसांसाठी एक वेगळं कार्ड आत्ताच लिहून ठेवा, डोकं शांत असताना. त्यावर फक्त तीन ओळी असाव्यात. त्या दिवशी एवढंच करायचं आणि एवढं झालं की तो दिवस पूर्ण धरायचा. माझ्याकडे येणाऱ्या अनेकांनी हे कार्ड कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलं आहे. वाईट दिवशी काय करायचं हे वाईट दिवशी ठरवता येत नाही, म्हणून ते आधी ठरवलेलं हवं.

महिन्यातले ते तीन-चार दिवस तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात, मी मात्र तिथे थांबले. ते दिवस पाळीच्या आधीचे आहेत का? एडीएचडी असलेल्या अनेक स्त्रिया सांगतात की पाळीच्या आधीच्या दिवसांत विसरभोळेपणा, चिडचिड, पसारा सगळं वाढतं, आणि रजोनिवृत्तीच्या आसपास तर आणखी. इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक घटण्याशी त्याचा संबंध असावा, असं मानलं जातं. दोन-तीन महिने कॅलेंडरवर पाळीच्या तारखा आणि कोसळलेले दिवस दोन रंगांनी मांडा. मेळ बसला तर त्या दिवसांत मुदती घेऊ नका, कार्ड बाहेर काढा, आणि ते कॅलेंडर डॉक्टरांना दाखवा. त्यावर उपचारात काय करता येईल हे बोलता येतं, पण रुग्णाने सांगितल्याशिवाय बहुतेक वेळा हा विषय निघतच नाही.

घरात काय सोडायचं, हेही ठरवा. चुकलं तर नुकसान होईल अशी कामं एका बाजूला काढा: औषधं, बिलं, विम्याचे हप्ते, मुलीला आणणं, गॅस बंद करणं. ही तुमच्या स्मरणावर एक दिवसही ठेवू नका. पैसे आपोआप भरले जातील अशी सोय करा, काही कामं नवऱ्याकडे कायमची सोपवा आणि त्याबदल्यात त्याची दुसरी काही घ्या. एडीएचडी आहे म्हणून या बाबतीत सूट मिळत नाही, हे मी स्पष्ट सांगते. पण ती तुम्हीच, डोक्याने लक्षात ठेवून करायची असाही नियम नाही. उरलेलं, म्हणजे इस्त्री, कपड्यांच्या नीट चळती, रिकामं टेबल, यातलं पुष्कळ सोडून देता येतं. धुतलेले कपडे घडी न घालता प्रत्येकाच्या टोपलीत गेले, तर कुणाचंही काही बिघडत नाही.

नवऱ्याशी बोलताना एक लक्षात ठेवा, त्यांचा थकवाही खरा आहे. घरातली दुसऱ्याची आठवण आपण ठेवायची, हे ओझं वर्षानुवर्षं वाहून माणूस टोचून बोलायला लागतो. पण नवरा आठवण करून देणारा आणि बायको चुकलेली विद्यार्थिनी, असं नातं झालं की दोघांचंही वाईट होतं. त्यांच्याकडे आठवणी मागू नका, सोबत मागा. ''तू शेजारी पेपर वाचत बस, मी तेवढ्यात हे कपाट आवरते'' ही मागणी छोटी आहे आणि एडीएचडीत ती कमालीची उपयोगी पडते; कुणी नुसतं जवळ बसलेलं असलं तरी काम सुरू होतं आणि चालू राहतं. ते घरी नसतील तर बहीण किंवा मैत्रीण फोन चालू ठेवून तिचं काम करेल, तुम्ही तुमचं. आठवड्यातून एकदा अर्धा तास दोघांनी बसून पुढच्या आठवड्याच्या तारखा बघायच्या. एरवी दिवसभरात ''केलंस का?'' हा प्रश्न बंद.

मुलीसमोर स्वतःला वेंधळी, बेशिस्त म्हणू नका. ही गोष्ट आनुवंशिक असते, हे वर लिहिलंच आहे. उद्या तिच्यातही काही दिसलं, तर आईने स्वतःला लावलेली विशेषणं ती स्वतःला लावेल. उशीर झाला तर ''आज उशीर झाला, सॉरी. उद्या टॉवेल आधीच आत ठेवते'' एवढं पुरे.

शेवटी उपचाराबद्दल. तुम्ही फक्त औषधाचं लिहिलं आहे, थेरपीचा उल्लेख नाही. नेमक्या तुमच्यासारख्यांवर, म्हणजे औषध चालू असूनही लक्षणं उरलेल्या प्रौढांवर, स्टीव्हन सेफ्रन आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. एका गटाला एडीएचडीसाठी आखलेली वर्तन-बोधन थेरपी दिली, दुसऱ्याला शिथिलीकरण आणि माहिती. पहिल्या गटाची लक्षणं जास्त कमी झाली. या थेरपीत नियोजन, कामाचे तुकडे पाडणं, लक्ष विचलित होण्यावरचे उपाय हे सगळं एकेक करून शिकवतात आणि दर आठवड्याला कुणीतरी 'काय झालं?' असं विचारतं, जे मला निम्मं औषध वाटतं. गोळी तुम्हाला खुर्चीत बसवते, पण कपाट कसं लावायचं हे ती शिकवत नाही. ते कुणाकडून तरी शिकायला लागतं आणि निदान उशिरा झालेल्या बायकांना ते कुणीच शिकवलेलं नसतं.

पुढच्या भेटीला जाताना हे कागदावर लिहून न्या, नाहीतर डॉक्टरांसमोर बसल्यावर ''बरं आहे'' म्हणून परत याल: गोळी किती वाजता घेतली आणि किती वाजता उतरल्यासारखं वाटलं, संध्याकाळची चिडचिड, पाळीचं कॅलेंडर, झोप किती आणि कधी. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन अलीकडे तपासलं नसेल तर तेही विचारा, कारण त्यातल्या बिघाडानेही थकवा येतो आणि डोकं जड राहतं. आणि कशातच आनंद वाटेनासा झाला असेल, कोसळलेले दिवस तीन-चारांवर न थांबता आठवडे चालत असतील, किंवा जगणंच नकोसं वाटत असेल, तर पुढच्या भेटीची वाट बघू नका, त्याच दिवशी फोन करा. एडीएचडीसोबत नैराश्य आणि चिंताविकार अनेकदा येतात आणि त्यांवर वेगळे उपचार लागतात.

टॉवेल आज आत टांगा. बाकीचं पुढच्या आठवड्यात. काय झालं ते मला कळवा, अर्ध्यावर राहिलं असेल तरी कळवा.

– तुमची ताई